सत्तर किलोचा पाहुणा

गेल्या पावसाळ्यात माझा खोकला काही केल्या जाईना, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन काढून आणायला सांगितला. साधाच, शिरेत डाय न सोडता. मीरा रोडला हल्ली वडापावच्या गाड्यांच्या खालोखाल तपासणी केंद्रंच आहेत. त्यातल्या एकात गेलो, श्वास धरला, सोडला आणि अर्ध्या तासात घरी आलो. काळजीचं काही निघालं नाही. मात्र रिपोर्टच्या अगदी शेवटच्या पानावर, जिथे रोगी सहसा पोचत नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही, तिथे माझं वजन छापलेलं होतं. ७० किलो.

मी ५४ किलोचा माणूस आहे. लग्नात ५१ होतो. म्हणजे संसारात माझी प्रगती तीन किलोंची. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन काट्यावर उभा राहिलो तरी तो साठाच्या आसपास घुटमळतो. बायकोने तो आकडा पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दुसऱ्या कुणाचा तर उचलून नाही ना आणलात?"

संशय रास्त होता. परत गेलो. काउंटरवरच्या मुलाने रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि अगदी निर्मळ मनाने सांगितलं, "काका, नाव तुमचंच आहे, फोटोपण तुमचेच आहेत. वजन विचारायचं राहिलं की आम्ही सगळ्यांचं सत्तरच टाकतो."

"सत्तरच का?"

"सिस्टिमला तसंच आहे."

या 'सिस्टिमला तसंच आहे'पुढे माणसाचं काही चालत नाही. मी घरी आलो. पण सत्तर डोक्यातून जाईना. साठ का नाही? पंचाहत्तर का नाही? आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. सगळी हयात ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात काढली, निवृत्त झाल्यावर अणुशक्तीनगरचं क्वार्टर सोडून इकडे आले. सोसायटीत त्यांना सगळे 'ट्रॉम्बेवाले काका' म्हणतात आणि लिफ्ट बंद पडली तरी त्यांनाच विचारतात. अणू फोडणाऱ्याला लिफ्ट दुरुस्त करता येत नसेल यावर आमच्या सेक्रेटरींचा विश्वास नाही. मी रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, आकडा पाहिला आणि जुना दोस्त भेटावा तसे हसले.

"हा सत्तर किलोवाला अजून आहे म्हणायचा! पण वजनाचं राहू द्या. खालची ओळ वाचलीत का?"

खाली लिहिलं होतं, 'फँटम : बॉडी ३२ सेंमी'. आमच्या पिढीला फँटम म्हटलं की इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो, कवटीच्या गुहेत राहणारा. किरणवाल्यांचा वेताळ वेगळा. तो अॅक्रिलिकचा एक गोल ठोकळा असतो, ३२ सेंटिमीटर व्यासाचा. डोक्यासाठी निराळा, १६ सेंटिमीटरचा. स्कॅनच्या कागदावर किरणांचा जो आकडा छापून येतो, तो या ठोकळ्याला किती लागले असते याचा असतो. स्कॅन माझा, खोकला माझा, पैसे माझे आणि किरणांचा हिशेब प्लॅस्टिकच्या नावावर! काकांनी पाठीमागच्या कोऱ्या जागेवर गणित करून दाखवलं. व्यास ३२ तर घेर सुमारे १०० सेंटिमीटर, म्हणजे शर्टाच्या मापात ४० नंबर. मी ३४ नंबरचा. तेवढेच किरण सोडले तर बारीक अंगात ते आतपर्यंत जास्त पोचतात, म्हणून माझ्यासारख्याला खरी मात्रा छापल्यापेक्षा जास्त आणि ४४ नंबरवाल्याला कमी. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये देहाच्या मापाप्रमाणे हा आकडा दुरुस्त करायची कोष्टकं काढली. नवी यंत्रं समोरचा देह पाहून माराही कमी-जास्त करतात. पण कागदावर ठोकळा तो ठोकळाच.

"घाबरू नका," काका म्हणाले, "फरक आहे, पण त्याने तुमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते लहान मुलांच्या बाबतीत. त्यांना मोठ्यांच्या मापाने धरलं तर."

मग चहा आला आणि त्यांनी मला सत्तर किलोच्या माणसाची ओळख करून दिली. १९४९ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर इथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाचे शास्त्रज्ञ बसले. अणुभट्ट्यांत काम करणाऱ्यांच्या पोटात, फुप्फुसात किती किरणोत्सारी पदार्थ गेला तर चालेल हे ठरवायचं तर आधी ते पोट केवढं, फुप्फुस केवढं हे ठरायला हवं. तिथे एक 'प्रमाण माणूस' मान्य झाला. पुढे आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने १९७५ मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथच काढला. त्यात यकृताचं वजन आहे, कातडीचं आहे, केसांचंसुद्धा आहे. या गृहस्थाचं वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. वर्णाने गोरा, राहणीने पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेचा. आणि तो जिथे राहतो तिथलं सरासरी तापमान १० ते २० अंश सेल्सियस.

आयोगाने हे सगळं उघडपणे लिहिलं होतं, हे मला आवडलं. हा माणूस आमच्या अंगणातला आहे, हे त्यांनी लपवलं नाही. पुढे तो आमच्या काउंटरवरच्या मुलाच्या संगणकात येऊन बसला, त्यात त्याचा काय दोष?

त्या रात्री मी या पाहुण्याला मे महिन्यात दुपारी दीड वाजता भाईंदर स्टेशनवर उतरवून पाहिलं. मनातल्या मनात. पुलावर चढेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. खाडीचा दमट वारा, त्याला सुक्या मासळीचा वास, खाली रिक्षांचा कालवा. दहा ते वीस अंशांचा माणूस तो. मी त्याला बाहेर नेऊन दोन ग्लास कोकम सरबत पाजलं, एक लिंबू सोडा पाजला, तरी तो पाणी पाणीच करत होता. आणि इथेच तर सगळ्या हिशेबाची गोम आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पाण्यात एखादा नको तो पदार्थ आहे, युरेनियम म्हणा, आर्सेनिक म्हणा. तो किती असला तर चालेल? यासाठी दोन आकडे लागतात. माणूस रोज किती पाणी पितो आणि त्याचं वजन किती. अमेरिकी हिशेबात वर्षानुवर्षं ७० किलो आणि २ लिटर ही जोडी चालत आली. जागतिक आरोग्य संघटना ६० किलो आणि २ लिटर धरते. आपल्याकडे मात्र ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'संदर्भ भारतीय माणसा'चा मसुदा मांडला. त्याचं वजन ५१.५ किलो. भूजलातल्या युरेनियमवर भारतीय शास्त्रज्ञ जे निबंध लिहितात त्यांतल्या अनेकांत हेच वजन सापडतं आणि त्याच्या शेजारी पिण्याच्या पाण्याचा आकडा असतो दिवसाला ४.०५ लिटर.

हे ५१.५ वाचून मला जो आनंद झाला तो सांगता यायचा नाही. लग्नातला मी! शाळेत 'काडी', कॉलेजात 'पेन्सिल' आणि सासरी 'जावई जरा अशक्तच आहेत' असं ऐकून घेतलेला मी, देशाच्या अणुशास्त्राच्या दृष्टीने अगदी मापात बसलेला नवरदेव होतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग सत्काराला कधी जायचं?"

आता गणित करा. सत्तर किलोचा माणूस २ लिटर पितो, म्हणजे किलोमागे सुमारे २९ मिलिलिटर. आपला माणूस ४.०५ लिटर पितो, म्हणजे किलोमागे ७९. पाणी तेच, त्यातली घाण तीच, पण आपल्या माणसाच्या किलोभर देहावर ती पावणेतीन पट येऊन पडते. पाहुण्याच्या मापाने शिवलेला नियम आपल्याला तोकडा पडतो तो असा. चार लिटरांचं म्हणाल तर यात शास्त्र कमी आणि घाम जास्त. आमच्याकडे पाणी किती प्यायचं यापेक्षा ते येणार कधी, हा प्रश्न मोठा असतो. पण आलं की माणूस पितो.

काकांच्या बोलण्यातून हे माप घेणं किती खटाटोपाचं असतं ते हळूहळू समजत गेलं. उंची-वजन सोपं. फीत आणि काटा लागतो. पण यकृत केवढं, मूत्रपिंड केवढं, प्लीहा केवढी? जिवंत माणसाचं यकृत काढून तागडीत कसं घालणार? ही वजनं येतात शवविच्छेदनाच्या टेबलावरून. तीही आजाराने झिजलेल्यांची घेऊन उपयोगी नाहीत. धडधाकट असताना अपघाताने गेलेल्यांची लागतात. रुळांवर, रस्त्यावर गेलेली माणसं. पश्चिम रेल्वेवर रोज प्रवास करणाऱ्याला हे वाक्य जरा थांबूनच वाचावं लागतं. आपल्या देशातल्या सरासरी यकृताचा एक आकडा कोष्टकात शांतपणे बसलेला दिसतो, त्यामागे कुणाच्या तरी घरी न पोचलेले डबे आहेत.

जिवंत माणसाच्या अंगात किरणोत्सार किती हे मोजायची सोय वेगळी. जाडजूड पोलादी भिंतींची एक खोली असते. आत एक खाट किंवा खुर्ची, आणि वर कान देऊन बसलेली मोजणारी यंत्रं. बाहेरच्या जगाचा किरणोत्सार आत येऊ नये म्हणून भिंती एवढ्या जाड. पण पोलादच जर अणुबाँबच्या चाचण्यांनंतर गाळलेलं असेल तर त्यातही बारीकसा किरणोत्सार असायचा. म्हणून जगात अशा काही खोल्यांसाठी १९४५ पूर्वीचं पोलाद वापरलं, बुडालेल्या युद्धनौकांचंसुद्धा. काका पहिल्यांदा अशा खोलीत गेले तेव्हा अंगात काय सापडलं, विचारलं.

"पोटॅशियम," काका म्हणाले. "तुमच्यातही सापडेल. वसईची केळी खाता ना?"

पाहुण्याच्या सत्तर किलोंत १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. निसर्गतःच त्यातला एक अगदी लहानसा भाग किरणोत्सारी. त्यामुळे त्याच्या देहात दर सेकंदाला चार हजारांवर अणू फुटत असतात. आपणही फुटत असतो, अंगाप्रमाणे थोडे कमी. केळी न खाल्ल्याने ते थांबत नाही, कारण शरीर पोटॅशियम आपल्या गरजेपुरतं धरून ठेवतं. दारं बंद करून दोघंच बसलो असताना बायको मला "इतके का धुसफुसताय?" म्हणाली तर आता माझ्याकडे शास्त्रीय उत्तर आहे.

या खोलीतलं यंत्र बरोबर मोजतंय की नाही हे पाहायला पुन्हा एक वेताळ लागतो. तो प्लॅस्टिकच्या दहा बाटल्यांचा. डोक्याची एक, मानेची एक, छातीची, कमरेची, दोन हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. त्यांत मोजून-मापून किरणोत्सारी पाणी भरायचं आणि खाटेवर निजवायचं. आता बाटल्या जर पाहुण्याच्या मापाच्या असतील आणि नंतर त्या खाटेवर माझ्यासारखा निजला, तर आकडा चुकणारच. फुप्फुसात अडकलेलं प्लुटोनियम किंवा अमेरिशियम मोजताना तर ही चूक फारच महाग. त्यांचे किरण इतके अशक्त की छातीवरच्या मांस-चरबीतून बाहेर येतानाच बरेचसे विरून जातात. छाती जाड तर यंत्राला कमी ऐकू येतं, पातळ तर जास्त. जाड छातीच्या बाहुल्यावर सूर लावलेल्या यंत्राखाली किडकिडीत कामगार निजला तर यंत्र उगाच ओरडतं, "याच्या अंगात फार आहे!" आणि धडधाकट माणूस महिनाभर झोप उडवून बसतो. उलटं झालं तर त्याहून वाईट.

म्हणून तर निरनिराळ्या देशांनी आपापली माणसं मापली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशियातल्या देशांना एकत्र आणून 'संदर्भ आशियाई माणसा'ची माहिती जमवली आणि १९९८ मध्ये ती छापली. भारत त्यात होता. जपान्यांनी तर खऱ्या माणसांच्या स्कॅनवरून संगणकात अख्खे देह उभे केले आणि त्यांना नावं ठेवली 'ओतोको' आणि 'ओनागो', म्हणजे बाप्या आणि बाई. आंतरराष्ट्रीय आयोगाने २००९ मध्ये आपले संगणकी देह जाहीर केले. त्यांची नावं 'रेक्स' आणि 'रेजिना', लॅटिनमध्ये राजा आणि राणी. दरम्यान पाहुण्याचं वजन सत्तरावरून ७३ झालं होतं आणि उंची १७६. तीस वर्षांत तीन किलो. म्हणजे वाढीच्या बाबतीत तो आणि मी सारखेच. नावांच्या बाबतीत मात्र मी जपान्यांच्या बाजूने आहे. ज्याच्या अंगावर रोज विषाची मोजणी करायची त्याला राजा कसलं म्हणता?

पण देह मापला तरी अर्धंच काम झालं. देहात जातं काय? ते समजायला ताटात डोकवावं लागतं. आणि आमच्या महापालिकेच्या हद्दीतलं सगळ्यात मोठं ताट उत्तनला आहे.

मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टॉवर येतात. त्यांनी एकदा भाईंदर पश्चिमेहून बस धरून उत्तनला जावं. वळणं घेत रस्ता खाली उतरतो आणि समुद्र येतो. तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले असतात, हजारोंनी, धोब्याच्या दोरीसारखे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत हेच सुके बोंबील कामी येतात. ओल्या बोंबलात जवळजवळ सगळं पाणीच. वाळला की पाणी उडतं आणि बाकीचं सगळं, चव धरून, आटून एकत्र येतं. समुद्रात काही जड धातू असेल तर तोही त्या सगळ्यात आला. म्हणून शास्त्रज्ञ विचारतात, 'किती मासळी खाता?' आणि लगेच पुढे विचारतात, 'ओली की सुकी?'

आमच्याकडे गेली वीस वर्षं मासळी घेऊन येणाऱ्या उत्तनच्या मावशी आहेत. मी जरा शास्त्रीय आवाज काढून विचारलं, "मावशी, तुमच्याकडे माणशी महिन्याला किती मासळी खातात?"

त्यांनी पाटीवरचं फडकं सारखं केलं. "मासली खातात का इचारतोस? भात खातात का ते इचार." मग बायकोकडे वळून, "याला बरं नाय काय?"

काका म्हणाले, सगळीकडे असंच होतं. माणसाला आपण काय खातो ते सांगता येत नाही. बायका कमी सांगतात, पुरुषांना ठाऊकच नसतं. म्हणून एक खात्रीची रीत अशी की घरच्यांनी जेवायला बसताना प्रत्येक पदार्थ जुळ्या ताटात तेवढाच वाढायचा. एक ताट माणसाचं, दुसरं प्रयोगशाळेचं. दिवसभराची अशी सगळी ताटं एकत्र वाटून त्यात काय-काय आहे ते तपासायचं. मी ही कल्पना घरी सांगितली. आमच्याकडे कावळ्याचं, गाईचं, नैवेद्याचं पान वाढायची सवय आहे, प्रयोगशाळेचं एक सहज निघेल. पण प्रयोगशाळेच्या जुळ्या ताटात शिळी पोळी वाढणार नाही, असं बायकोने बजावलं. म्हणजे आमचा नमुना तिथेच बाद. निम्मे दिवस मी शिळी पोळीच खातो.

आणि हे ताट बघण्याचं काम नुसतं कागदी नाही. इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुकेंद्राचं सांडपाणी समुद्रात जायचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला की याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होऊ शकेल? उत्तर निघालं दूर दक्षिण वेल्समध्ये. त्या किनाऱ्यावरचं एक शेवाळ गोळा होऊन तिकडे जायचं आणि तिथली मंडळी ते शिजवून 'लाव्हरब्रेड' म्हणून चवीने खायची. मग समुद्रात किती सोडायचं याची मर्यादा बांधताना ही शेवाळ खाणारी माणसं धरली. सरासरी इंग्रजाला त्या शेवाळाचं नावही ठाऊक नसेल. आपल्याकडे आमच्याच रेल्वेने पुढे गेलं की बोईसर लागतं. तिथे उतरून तारापूरचं अणुवीजकेंद्र, १९६९ पासून चालू असलेलं. तिथेही भाभा केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा आसपासचं पाणी, दूध, मासळी तपासत असते. हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, आमच्या किनाऱ्याचं माप घ्यायचं असेल तर साहेबाच्या पाहुण्याला रजा द्यावी आणि मावशींना पाटीसकट काट्यावर उभं करावं.

मिठाचीही एक गंमत आहे. भाईंदरच्या आसपास रेल्वेच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती, काही अजून आहेत. परगावचा पाहुणा खिडकीतून बघून म्हणतो, "वा, म्हणजे तुम्हाला आयोडीनला तोटा नाही!" प्रत्यक्षात समुद्राच्या मिठात आयोडीन नावापुरतंच असतं. मासळीत ते भरपूर. मिठात मुद्दाम मिसळावं लागतं आणि खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकायचं असा नियम आपल्याकडे २००६ पासून देशभर आहे. याचा किरणांशी संबंध काय? अणुभट्टीचा अपघात झाला की हवेत किरणोत्सारी आयोडीन पसरतं आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं. ग्रंथी केवढीशी, तर पाहुण्याची २० ग्रॅम. लहान मुलांची त्याहून किती तरी लहान, म्हणून तेवढ्याच आयोडीनचा मारा तिथे कितीतरी पट. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेलं. त्या भागातल्या जेवणात मुळात आयोडीन कमी, ग्रंथी भुकेलेल्या, त्यांनी ते धरून ठेवलं.

आता हे मला काकांनी ज्या रीतीने समजावलं त्यासाठी मीरा रोडलाच राहायला हवं. थायरॉइड म्हणजे विरार लोकल. ती आधीच खच्चून भरून आली असेल तर मीरा रोडच्या माणसाला आत पाय ठेवता येतो का? दारातले लोक ठेवू देतात का? ग्रंथी साध्या आयोडीनने भरलेली असली की किरणोत्सारी आयोडीन असंच फलाटावर राहतं आणि शरीर त्याला लघवीवाटे घरी पाठवतं. म्हणून अपघातानंतर आयोडीनच्या गोळ्या देतात. म्हणून शेवाळ खाणाऱ्या जपानी माणसाचा हिशेब वेगळा, डोंगराळ मुलखात मासळी न पाहिलेल्याचा वेगळा आणि मावशींचा वेगळा. मी तीस वर्षं त्या दारातल्या लोकांना शिव्या घातल्या. त्यांनी माझ्या गळ्यात एवढं मोलाचं काम चालवलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

माप काढणारी आणखी एक संस्था आपल्याकडे आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. किती खावं हे ठरवायला त्यांनाही एक माणूस लागतो. त्यांचा २०१० चा संदर्भ भारतीय पुरुष १८ ते २९ वर्षांचा, ६० किलोंचा, १.७३ मीटर उंच. निरोगी. तो ८ तास काम करतो, ८ तास अंथरुणात असतो, ४ ते ६ तास बसण्या-फिरण्यात घालवतो आणि २ तास चालणं, खेळणं किंवा घरकाम.

हा उतारा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, ही माझी चूक. "आठ तास झोप?" ती म्हणाली. "आणि प्रवास कुठंय?" खरंच, त्या चोवीस तासांत लोकल नव्हती. चर्चगेटला जाऊन येणाऱ्याचे तीन तास कुठून कापायचे? एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात अशी रेल्वेचीच नोंद आहे. ते बसणं धरायचं, काम धरायचं की मैदानी खेळ? पुढे संदर्भ भारतीय स्त्री होती. ५५ किलो, ८ तास घरकाम किंवा मध्यम मेहनतीचं काम. आणि ते संपल्यावर जे २ तास आहेत, त्यात चालणं, खेळणं किंवा घरकाम.

"म्हणजे आठ तास घरकाम करून झालं," बायको म्हणाली, "की विरंगुळा म्हणून दोन तास घरकाम. ही बाई मात्र त्यांनी बघून लिहिलीय."

२०२० मध्ये पुरुषाचे ६० किलोंचे ६५ झाले. स्त्री ५५ वरच राहिली. ट्रॉम्बेचा माणूस १९९४ चा. तोही आता मापून बघायला हवा. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' असं लिहिलंय आणि हल्ली पाचव्यालाच घंटा वाजते. या नव्या भाईंदरला जुना ५१.५ लागू पडेल असं मला वाटत नाही. आमच्या समोरच्या ब्लॉकमधला मुलगा ९२ किलोंचा आहे आणि पाण्याऐवजी थंड पेयं पितो. काकांच्या बाटल्यांना आता पोट लावावं लागेल.

तरीही मला ते ५१.५ आणि ४.०५ आवडले. कुणीतरी बसून विचार केला की हा माणूस बारीक आहे, याला घाम फार येतो, हा पाणी जास्त पितो, याच्या ताटात काय वाढतात ते पाहू. एवढी चौकशी आमच्याकडे मुलगी बघायला येणारेसुद्धा करत नाहीत. आणि इथे काउंटरवर नुसतं "वजन किती?" विचारायला दोन सेकंद लागतात, तेवढे कुणाला होत नाहीत.

तेव्हा तुम्ही कधी स्कॅनला गेलात, आणि विशेषतः पोराबाळांना घेऊन गेलात, तर त्यांनी विचारलं नाही तरी वजन सांगा. मूल लहान आहे, त्याच्या मापाने करा, असं स्वच्छ म्हणा. संकोच करू नका.

मी माझा रिपोर्ट दुरुस्त करून मागितला होता. आठ दिवसांनी मिळाला. त्यावर ४५ किलो छापलंय.